वर्गाचं नाव कसं ठरवायचं: गोव्याच्या पानांवर नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

मराठी विकिपीडियावर मला पहिला दणका बसला तो देवळांवरून. गोव्यातल्या देवळांची पानं ज्या वर्गात (म्हणजे पानांच्या विषयवार यादीत) होती, त्याच्या नावात ‘मंदिरे’ हा शब्द होता. मी फोंडा तालुक्यातली. आमच्याकडे कुणी ‘मंदिरात जाऊन येते’ म्हणत नाही. माणसं देवळात जातात, आणि पावतीवर, फलकावर, भांडणात त्याच जागेला देवस्थान म्हणतात. म्हणून दोन रात्री बसून तीसेक पानांवर मी नवा वर्ग चिकटवला: ‘गोव्यातील देवस्थाने’. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळं पूर्ववत. संपादनाच्या सारांशात एकच ओळ: ‘चर्चा न करता केलेला बदल उलटवला.’

राग आला. ‘ह्यांना गोव्यातलं काय कळतं’ वगैरे मनात म्हणून झालं. मग ती तीस पानं एकेक उघडून वाचली आणि गप्प बसले. त्यात तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ होतं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातलं स्मारक. साळावली धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून दगड दगड सोडवून दुसरीकडे उभं केलेलं कुर्डीचं महादेवाचं देऊळ होतं. ही पानं वास्तूची आहेत. महाजन (देवस्थानाचे परंपरागत हक्कदार), उत्सव, मालमत्ता, कारभार असलेल्या संस्थेची नाहीत. माझा शब्द गोव्याचा होता, पण निम्म्या पानांना बसत नव्हता.

वर्गाच्या नावावरचे बहुतेक वाद असेच असतात. दोघे शब्दावर भांडत असतात आणि आतली पानं दोघांनीही उघडलेली नसतात. खाली जे सांगते आहे ते याच अनुभवातून.

आधी वर्ग म्हणजे काय, थोडक्यात

लेखाच्या तळाशी [[वर्ग:गोव्यातील नद्या]] असं लिहिलं की ते पान त्या वर्गाच्या यादीत जाऊन बसतं. यादी आपोआप बनते, ती कुणी हातानं लिहीत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी एकाच ओळीत मांडता येतात. वर्गाचं तसं नाही. तेच पान केळ्यांतही बसतं, बार्देशातही बसतं आणि शेतमालातही. त्यामुळे ‘हे पान नक्की कुठलं’ हा प्रश्न वाटतो तेवढा जीवनमरणाचा नसतो.

वर्गाचा नुसता उल्लेख करायचा असेल, म्हणजे चर्चेत त्याचा दुवा द्यायचा असेल, तर आधी विसर्गासारखी दोन टिंबं द्या: [[:वर्ग:गोव्यातील नद्या]]. नाहीतर तुमचं चर्चापानच नद्यांच्या यादीत जाऊन बसतं. प्रत्येक नवखा हे एकदा करतो. मीही केलं आहे.

पायरी १: नाव बाजूला ठेवा, पानं उघडा

वर्गाच्या पानावर जा आणि आत काय आहे ते बघा. एका वेळी दोनशे पानं दिसतात. गोव्याच्या वर्गांत तेवढी क्वचितच असतात, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. कागदावर तीन रकाने करा: नक्की बसणारी, नक्की न बसणारी, आणि कुंपणावरची. पहिल्या दोन रकान्यांबद्दल वाद नसतो. तिसरा रकाना जपून ठेवा, खरी चर्चा त्यावरच व्हायची आहे.

त्याच वेळी वर्गाच्या चर्चापानावरही नजर टाका. हाच प्रश्न आधी कुणी विचारून झालेला असू शकतो. वर्गाचा इतिहासही बघा. कुणी, कधी, कशासाठी तो केला हे कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

पायरी २: संच की विषय

‘गोव्यातील नद्या’ हा संच. आतलं प्रत्येक पान एका नदीचं. ‘गोव्याचा इतिहास’ हा विषय. आत माणसं, लढाया, कायदे, इमारती, काहीही येईल. संचाचं नाव अनेकवचनी, विषयाचं एकवचनी. वर्ग करताना हे ठरवलं नसेल तर नाव कितीही सुंदर ठेवा, वर्षभरात आत गोंधळ माजतो. ‘गोव्यातील किल्ला’ असं एकवचन कुठे दिसलं तर ते बदलायला कुणी हरकत घेत नाही. त्यासाठी महाभारत नको, सारांशात कारण लिहिलं की पुरे.

पायरी ३: विभक्ती आणि तालुक्यांची गोम

इथे मराठीची स्वतःची अडचण आहे, आणि इंग्रजी विकिपीडियाचे नियम तिच्यावर उपयोगी पडत नाहीत. मराठीत गावाच्या नावाला प्रत्यय लागला की नाव आकार बदलतं. गोवा, गोव्यातील. फोंडा, फोंड्यातील. पेडणे, पेडण्यातील. म्हापसा, म्हापशातील. आणि काणकोण? काणकोणातील की काणकोणमधील? केपे? केप्यातील हे बरोबर असलं तरी बाहेरच्या वाचकाला ‘केप्या’ नावाचं काहीतरी आहे असं वाटतं.

माणसाला हे चालतं, साच्याला चालत नाही. गावांच्या पानांवर माहितीचा चौकट-साचा, म्हणजे रकाने भरायचा तयार तक्ता, असतो. त्यात तालुका भरला की साचा स्वतःच वर्ग लावू शकतो. पण साच्याला सामान्यरूप येत नाही. तो ‘पेडणे’ या शब्दापुढे ‘तील’ जोडून ‘पेडणेतील गावे’ असा विचित्र, लाल दुव्याचा (म्हणजे ज्याचं पानच नाही असा) वर्ग बनवेल. म्हणून नावात ‘तालुका’ हा शब्द आणायचा: ‘पेडणे तालुक्यातील गावे’, ‘केपे तालुक्यातील गावे’, ‘काणकोण तालुक्यातील गावे’. प्रत्यय ‘तालुका’ या शब्दाला लागतो आणि नाव अखंड राहतं. बाराही तालुके एका साच्यात बसतात. कुणी ‘तालुक्यातील’ हा शब्द लांबण आहे म्हणून काढायला निघालं तर त्याला हे सांगा. बहुतेक वेळा पटतं.

तालुके कायमचे असतात असंही समजू नका. धारबांदोडा हा तालुका अलीकडचा. कुळे, मोले ही गावं आधी सांगे तालुक्यात होती, आता धारबांदोड्यात आहेत. जुन्या पुस्तकात ‘सांगे तालुक्यातील कुळे’ असं लिहिलेलं सापडेल आणि ते त्या काळापुरतं बरोबरच होतं. वर्ग मात्र आजच्या स्थितीचा लावायचा. जुनी स्थिती लेखात एका वाक्यात सांगायची.

आणखी एक, कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. ‘किनाऱ्यावरील किल्ले’ असा वर्ग आहे असं समजा. त्यातला ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. मग आग्वाद एका वर्गात, शापोरा दुसऱ्यात, आणि दुसऱ्या वर्गाचा दुवा लाल. तुम्ही म्हणाल, नाव तर तेच आहे! यावर उपाय एकच: वर्गाचं नाव कधीही स्वतः टंकू नका, वर्गाच्या पानावरून उचलून चिकटवा. विसर्गाच्या जागी दोन टिंबांचं विरामचिन्ह पडणं हाही याच जातीचा घोळ.

हा लेख मी बोलीच्या जवळ लिहिते आहे: पानं, देवळं, नावं. वर्गाच्या नावात मात्र ‘देवळे’, ‘नावे’, ‘गावे’ असंच लिहायचं. ‘गोव्यातले’ नको, ‘गोव्यातील’. इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आधीची शेकडो नावं तशी आहेत, आणि एकसारखेपणा असला की शोधणाऱ्याचे हाल होत नाहीत. ‘श्री’, ‘पंडित’, ‘डॉ.’ या उपाध्यांनाही वर्गाच्या नावात जागा नाही.

‘श्री’वरून आठवलं. देवळांच्या पानांची शीर्षकं ‘श्री’नं सुरू होत असतील तर वर्गात सगळी देवळं ‘श’खाली गर्दी करतात. तिथे [[वर्ग:गोव्यातील मंदिरे|मंगेशी]] असं लिहिलं की पान ‘म’खाली लागतं. उभ्या रेघेनंतरचा शब्द फक्त क्रमासाठी असतो, तो कुठे दिसत नाही.

पायरी ४: कुंपणावरची पानं

आता तो तिसरा रकाना काढा. नावाची परीक्षा इथेच होते. दोन सुचवलेली नावं घ्या आणि कुंपणावरचं प्रत्येक पान दोन्हींत घालून बघा. कुठलं नाव कुणाला आत घेतं, कुणाला बाहेर काढतं, ते लिहा. मत मागाहून बनवा.

‘गोव्यातील गायक’ की ‘गोमंतकीय गायक’? दीनानाथ मंगेशकर मंगेशीत जन्मले, ते दोन्हींत बसतात. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, त्याही बसतात. पण लता मंगेशकर? जन्म इंदूरचा, १९२९चा. किशोरी आमोणकर? मुंबईच्या. ‘गोव्यातील’ म्हटलं तर दोघी बाहेर. ‘गोमंतकीय’ म्हटलं तर दार उघडतं, पण किती उघडायचं हे कोण ठरवणार? आडनावावरून? कुलदैवतावरून? फोंड्यात कुलदैवत असलेल्या सगळ्यांना गोमंतकीय म्हणायचं ठरलं तर अर्धं गिरगाव या वर्गात येऊन बसेल.

माझं मत ‘गोव्यातील’च्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण कोरडं आहे. जन्म आणि कार्यक्षेत्र यांना पुरावा देता येतो, ‘मूळ’ या शब्दाला तो देणं कठीण. पण उलट बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला मीच तुम्हाला देते. तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोकणी नाटकाचा, पहिला प्रयोग १८९२ साली झाला तो मुंबईत. ‘गोव्यातील नाट्यप्रकार’ या नावाला काटेकोर धरलं तर तियात्राच्या जन्मालाच धक्का बसतो. ‘गोमंतकीय नाट्यप्रकार’ म्हटलं तर तियात्र, जागर, रणमाले सगळे सुखानं नांदतात. म्हणजे माणसांसाठी एक शब्द चांगला आणि कलांसाठी दुसरा. ‘सगळीकडे एकच ठेवा’ म्हणणारे भेटतील, त्यांना हे उदाहरण द्या आणि काय म्हणतात ते ऐका.

दुसरं उदाहरण मुख्यमंत्र्यांचं. दयानंद बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले ते गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाचे. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ रोजी, तोवर बांदोडकरांना जाऊन चौदा वर्षं होत आली होती. मग ‘गोव्याचे मुख्यमंत्री’ हे नाव चुकीचं का? काटेकोर मंडळी म्हणतील की ‘गोवा, दमण आणि दीवचे मुख्यमंत्री’ असा वेगळा वर्ग हवा. कागदावर पानं मांडून बघा. १९६३ ते १९८७ या काळात मुख्यमंत्री झाले तिघेच: बांदोडकर, शशिकला काकोडकर आणि प्रतापसिंह राणे. राणे तर दोन्हीकडे येणार. हा वर्ग कायम तीन पानांचाच राहणार, वाढण्याची शक्यता शून्य. त्यापेक्षा ‘गोव्याचे मुख्यमंत्री’ या वर्गाच्या पानावर वर दोन ओळी लिहाव्यात: १९८७पूर्वीचे मुख्यमंत्री संघप्रदेशाचे होते, त्यांचा समावेश इथेच केला आहे. वर्गाच्या पानावर असं लिहिता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि जो खुलासा दोन ओळींत होतो तो नावात कोंबायला जातात.

तिसरं, सासष्टी. आमच्याकडच्या सासष्टीला काही जण साष्टीही लिहितात. मुंबईचीही साष्टी आहे, तिथेही पोर्तुगीज होते, तिथेही त्या काळची चर्च आहेत. ‘साष्टीतील चर्च’ या वर्गात मडगाव आणि वांद्रे शेजारी येऊन बसले तर दोष पानं टाकणाऱ्याचा नाही, नाव ठेवणाऱ्याचा. ‘सासष्टी तालुक्यातील चर्च’ म्हटलं की प्रश्न मिटतो. (अनेकवचन ‘चर्च’ की ‘चर्चे’ की ‘चर्चेस’ यावरही एकदा चर्चा झाली होती. ‘चर्चची चर्चा’ हा विनोद तेव्हा सगळ्यांनी करून झाला, तुम्ही नवा शोधा.)

अशीच सावधगिरी ‘ऑपरेशन विजय’ला हवी. १९६१ची गोव्याची कारवाई आणि १९९९ची कारगिलची, दोन्हींचं नाव तेच. साल जोडल्याशिवाय तो वर्ग करू नका. मांडवी आणि म्हादई ही एकाच नदीची नावं आहेत. ज्या नावानं मुख्य लेख आहे तेच वर्गात घ्या, दुसरं नाव त्याच्याकडे वळवा (पुनर्निर्देशन करा) आणि पुढे चला.

सगळ्यात नाजूक विषय ‘कोकणी’चा. मराठीत आपण ‘कोकणी’ लिहितो, गोव्यात त्या भाषेची माणसं ‘कोंकणी’ लिहितात. अनुस्वारावर भांडायला किती माणसं तयार असतात हे बघून थक्क व्हाल. पण नीट पाहिलं तर अनुस्वारापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. ‘कोकणी लेखक’ म्हणजे कोकणी भाषेत लिहिणारा की कोकणात राहणारा? रत्नागिरीचा मराठी कादंबरीकार या वर्गात कुणी टाकला तर त्याला चूक तरी कसं म्हणायचं? ‘कोकणी भाषेतील लेखक’ असं केलं की ही अडचण संपते. बा. भ. बोरकर या वर्गातही येतील आणि मराठी कवींच्या वर्गातही, दोन्ही हक्कानं. गोव्याच्या राजभाषेचा वाद १९८७च्या कायद्यानंतरही शमलेला नाही. तो वर्गाच्या चर्चापानावर नक्कीच मिटणार नाही. तिथे कुणी त्या वाटेनं निघालं तर उत्तर देऊ नका, पानांच्या यादीवर परत या.

‘कोकणी विकिपीडियावर असं नाव आहे’ हा मुद्दाही तुम्हाला ऐकू येईल. तो २०१५पासून स्वतंत्र प्रकल्प आहे, त्यांची नावं ते ठरवतात. दोन्हीकडचे वर्ग विकिडेटा या सामाईक माहितीसाठ्यावर एकमेकांना जोडलेले असतात, नावाचं स्पेलिंग जुळण्याची गरज नसते.

लेखिकांबद्दल एक सांगायला हवं. वर्ग आणि उपवर्ग असले की पान सहसा उपवर्गात ठेवतात, वरच्या वर्गातून काढतात. यातून २०१३च्या एप्रिलमध्ये इंग्रजी विकिपीडियाची शोभा झाली होती. अमेरिकन कादंबरीकारांच्या वर्गातून स्त्रियांची नावं काढून ती ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात सरकवली जात आहेत, हे कादंबरीकार अमांडा फिलिपाकी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. मुख्य यादीत पुरुषच उरत चालले होते. मराठीत हा धोका जास्त आहे, कारण आपल्याकडे शब्दालाच लिंग आहे. ‘गोव्यातील गायक’ या वर्गात केसरबाईंचं पान दिसलं की कुणीतरी सद्भावनेनं ते उचलून ‘गायिका’त नेतं. तिथेही ठेवा, पण इथून काढू नका. लेखकांच्या बाबतीत ‘साहित्यिक’ हा शब्द वापरला तर प्रश्नच उरत नाही.

आणि हयात माणसांना जात किंवा धर्म सांगणाऱ्या वर्गांत टाकू नका, त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आणि लेखाच्या विषयाशी संबंधित असल्याशिवाय. आडनावावरून तर कधीच नाही. गोव्यात एका गावात किती प्रकारची आडनावं असतात आणि त्यांवरून किती चुकीचे अंदाज बांधता येतात हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पायरी ५: प्रस्ताव मांडा

एका वर्गाचा प्रश्न असेल तर त्याच वर्गाच्या चर्चापानावर लिहा. दहा-बारा वर्गांचा असेल, उदाहरणार्थ सगळ्या तालुक्यांचा, तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडा आणि प्रत्येक वर्गाच्या चर्चापानावरून तिथला दुवा द्या. वर्गांची चर्चापानं फार कुणी बघत नाही, हे गृहीत धरा. ज्यानं वर्ग केला त्याच्या सदस्य चर्चापानावर एक निरोप ठेवा. ते सौजन्यही आहे आणि शहाणपणही.

प्रस्ताव छोटा असावा. साधारण असा:

‘सध्याचं नाव: कोकणी लेखक. सुचवलेलं नाव: कोकणी भाषेतील लेखक. अडचण: सध्याच्या नावातून प्रदेश आणि भाषा असे दोन अर्थ निघतात. वर्गात दोन लेखक असे आहेत जे फक्त मराठीत लिहितात. परिणाम: ती दोन पानं बाहेर जातील, बाकीची राहतील. हरकत असल्यास दोन आठवड्यांत सांगावी, ही विनंती.’

खाली चार लाटा (~~~~) टाकल्या की सही आणि वेळ आपोआप उमटते. ‘परिणाम’ ही ओळ कधीही गाळू नका. बाकी सगळं वाचून लोक ‘हं’ म्हणतात, ती ओळ वाचून बोलायला लागतात.

इंग्रजी विकिपीडियावर वर्गांच्या प्रस्तावांसाठी वेगळं पान आहे आणि तिथे चर्चा निदान सात दिवस चालू ठेवतात. आपल्याकडे माणसं थोडी, म्हणून मी दोन आठवडे थांबते. चवथीच्या आसपास मांडलंत तर तीन. त्या दिवसांत गोव्यातलं कुणी संगणकासमोर नसतं, आणि असलंच तर त्याच्या हाताला नेवऱ्यांचं तूप लागलेलं असतं.

वाद घालताना समोरच्याला ‘तुम्ही गोव्याचे नाही’ म्हणू नका. माझा बदल उलटवणाऱ्याला मी म्हटलं होतं. तो माणूस कोल्हापूरचा निघाला, पण गोव्यातल्या किल्ल्यांवर त्यानं माझ्यापेक्षा चौपट काम केलेलं होतं. स्थानिक असण्याचा उपयोग पुरावा आणण्यात आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन जुनं पुस्तक उघडणं आपल्याला जमतं, त्याला नाही. कुठलं नाव छापील मराठीत जास्त चालतं हे दाखवायचं तर दैनिकं, कोश, सरकारी राजपत्र यांतले दाखले द्या. गावाच्या पाटीचा फोटोही चालतो, पण पाटीवर दोन लिप्यांत दोन नावं असतात, हे आधीच कबूल करा.

पायरी ६: कौल शेवटी

मराठी विकिपीडियावर मतदानाला ‘कौल’ म्हणतात. हा शब्द गोव्याच्या माणसाला दोनदा आठवण करून देतो. एक देवळातली: देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची एवढंच बघतात, का पडली हे कुणी विचारत नाही. दुसरी १६ जानेवारी १९६७ची. त्या जनमत कौलात संघप्रदेशासाठी १,७२,१९१ आणि महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी १,३८,१७० मतं पडली. निकाल चौतीस हजारांनी लागला, पण फूल (विलीनीकरण) की दोन पानं (संघप्रदेश) यावरून आमच्या वाड्यावर काही घरांनी एकमेकांकडचं हळदीकुंकू बरीच वर्षं टाळलं.

वर्गाच्या नावासाठी तेवढं लांब जाऊ नका. चर्चेत चार माणसं असताना तीन विरुद्ध एक याला काही अर्थ नसतो. त्या एकाकडे कुंपणावरच्या पानाचा असा दाखला असू शकतो जो बाकी तिघांना सुचला नाही. त्याच्या मुद्द्याला उत्तर मिळालं की नाही ते बघा. मिळालं असेल आणि तो तरीही नाही म्हणत असेल तर पुढे जायला हरकत नाही. कुणीच काही बोललं नाही तर? मुदत संपल्यावर ‘हरकत न आल्यानं बदल करत आहे’ असं लिहून काम सुरू करा. ते गैर नाही.

दोन्ही नावं तोलामोलाची ठरली तर जुनंच ठेवा. नाव बदलायला पुरेसं कारण नसणं, एवढं कारण जुनं नाव ठेवायला पुरतं.

पायरी ७: ठरल्यानंतरची हमाली

वर्गाचं पान नव्या नावाला स्थानांतरित करता येतं, पण आतली पानं त्याच्याबरोबर जात नाहीत. त्यांच्या तळाशी जुनंच नाव लिहिलेलं असतं. ते प्रत्येक पानावर जाऊन बदलावं लागतं. दहा पानं असतील तर हातानं करा. हॉटकॅट हे उपकरण तुमच्या पसंतीक्रमात सुरू करून घेतलं तर प्रत्येकी एक-दोन टिचक्यांत होतं. शंभर असतील तर सांगकाम्या (बॉट) चालवणाऱ्या सदस्याला विनंती करा आणि सोबत चर्चेचा दुवा द्या. दुव्याशिवाय तो करणार नाही, करूही नये.

पान उघडलं, तळाशी वर्गच सापडत नाही, तरी यादीत पान आहे? मग तो वर्ग साच्यातून येतो आहे. साच्यात बदल करायचा. साचा संरक्षित असेल तर प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) सांगायचं. साचा बदलल्यावर सगळी पानं लगेच हलत नाहीत, काही तास, कधी जास्तही लागतात. घाईनं पुन्हा पुन्हा काही करू नका. मी एकदा केलं आणि चाळीस गावं दोन्ही वर्गांत अडकवून ठेवली.

जुन्या नावाचं पान रिकामं झालं की त्यावर नव्या वर्गाकडे पाठवणारी सूचना ठेवा. लोक सवयीनं जुनं नाव लावत राहतात. म्हणून आठवड्यानं, मग महिन्यानं एकदा तिथे डोकवा आणि चुकून आलेली पानं हलवा. उपवर्ग लावताना गोल फिरत नाही ना तेही बघा. ‘फोंडा तालुका’ हा ‘फोंडा’त आणि ‘फोंडा’ पुन्हा ‘फोंडा तालुक्या’त, असं होतं. शेवटी वर्गाचा विकिडेटा दुवा तपासा, बाकीच्या भाषांशी जोड तुटलेली नसावी.

देवळांचं पुढे काय झालं ते सांगते. कोल्हापूरच्या त्या सदस्याबरोबर पावणेदोन महिने बोलणं झालं. ‘गोव्यातील मंदिरे’ हे नाव राहिलं, कारण वास्तूला ते सगळीकडे चालतं आणि बाकीच्या राज्यांचे वर्ग तसेच आहेत. ‘गोव्यातील देवस्थाने’ हा वेगळा वर्ग झाला, पण ज्या लेखात महाजन, कारभार आणि उत्सवांची व्यवस्था यांबद्दल पुराव्यासह मजकूर आहे त्यांच्यापुरता. आज त्यात नऊ पानं आहेत. दहाव्याबद्दल आमचं अजून जमलेलं नाही. त्या लेखात जत्रेवर चार परिच्छेद आहेत आणि कारभारावर एक ओळ, तीही संदर्भाशिवाय. चर्चापान उघडंच आहे. कुणाकडे छापील दाखला असेल तर तिथे टाका.